दाराच्या पॅडवर कोणाचं नाव?

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात प्रत्येक गाडीपुढे एक पाटी उभी असते. पाटीवर गाडीची कंपनी, मॉडेल, साल, इंजिनाची क्षमता आणि मालकाचं नाव असतं. गाडी एखाद्या संस्थानिकाच्या तबेल्यातून आलेली असेल तर त्या संस्थानाचं नाव आणखी ठळक. इंजिन कुणी बांधलं हेही कधीमधी वाचायला मिळतं. पण दार उघडून आत बसताना ज्याला आपला हात, कोपर आणि गुडघा सगळ्यांत आधी लागतो, ते दाराचं पॅड कुणी केलं हे मी आजवर एकाही पाटीवर वाचलेलं नाही. छताचं कापड कुणी ताणलं, सीट कुणी भरली, मागच्या काचेखालची फळी कुणी मढवली, तेही नाही.

हा विसराळूपणा आहे असं मला वाटत नाही. विसरणारा माणूस कधी हे विसरतो, कधी ते. इथे विसरला जातो तो नेहमी एकच माणूस. त्याला आपण ‘कुशनवाला’ म्हणतो. त्याच्या कामाला आपण कला म्हणत नाही, तंत्र म्हणत नाही, ‘फिनिशिंग’ म्हणतो. म्हणजे खरं काम आधीच झालेलं, हा फक्त शेवटचा हात फिरवणार. या समजुतीविरुद्ध मला आज लिहायचं आहे. ती चुकीची तर आहेच, शिवाय ती ज्यांच्या सोयीची आहे तेही मला दिसतं.

माझे मामू कुर्ल्यात गाड्यांचं कुशन-काम करत. शाळेच्या सुट्ट्यांत मी दुकानात बसायचो. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते ऐकीव नाही.

आधी काम काय असतं ते पाहू

दाराचं पॅड म्हणजे एक पातळ फळी, तिच्यावर थोडी भरण आणि वर रेक्झिन किंवा कातडं. इतकं सांगितलं की ऐकणारा म्हणतो, ‘हे तर कुणीही करेल.’ मग त्याने करून पाहावं.

पहिलं कौशल्य जुनं पॅड काढण्यात आहे. काच खाली-वर करायचं हँडल आधी काढावं लागतं. काही गाड्यांत त्याच्या मागे आरपार पिन असते, काहींत घोड्याच्या नालेच्या आकाराची क्लिप. ती न बघता, नुसत्या बोटाच्या अंदाजाने सरकवायची असते. पॅड दाराला स्प्रिंगच्या क्लिपांनी धरलेलं असतं. कोपऱ्यात पेचकस घालून उचकटलं तर पन्नास-साठ वर्षांची फळी क्लिपभोवतीच फाटते. म्हणून प्रत्येक क्लिप कुठे आहे ते चाचपायचं आणि तिच्या अगदी बाजूला चपटी पट्टी घालून अलगद उचलायचं. ती फाटकी फळी कचरा नसते. नवं पॅड कसं करायचं याचा तोच एकमेव नकाशा असतो.

तो नकाशाही अर्धा पुसलेला असतो. फळीची खालची कड पाण्याने कुजून गेलेली असते. मग तिचा आकार दारावरच कागद लावून शोधावा लागतो. डाव्या दाराचा कागद उलटा करून उजव्याला वापरला की झालं, असं वाटतं. पण जुन्या गाडीची दोन दारं सारखी राहिलेली नसतात. एक कधीतरी ठोकलं गेलेलं असतं, एकाला वेल्डिंग झालेलं असतं, एकाची बिजागरी बसलेली असते. प्रत्येक दाराचं माप वेगळं घ्यावं लागतं.

नवी फळी साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या हार्डबोर्डाची. ती दाराच्या नेमक्या मापाची कापली तर पॅड बसणार नाही, कारण रेक्झिन कडेवरून मागे दुमडलं जातं आणि त्याची जाडी दोन्ही बाजूंनी वाढते. किती कमी कापायचं हे रेक्झिन किती जाड आणि भरण किती, यावर ठरतं. कमी कापलं तर दार लावताना कड खांबाला घासते, जास्त कापलं तर पत्रा दिसतो. क्लिपांची भोकं एका केसाने सरकली तरी क्लिप दारातल्या भोकात उतरत नाही. फळीची मागची बाजू आणि कडा यांना वॉर्निश पाजावं लागतं, नाहीतर हार्डबोर्ड हवेतला ओलावा पिऊन फुगतो.

मग मढवणं. रेक्झिन कडेबाहेर इंचभर सोडायचं. बाहेरच्या वळणावर पाचरीएवढे तुकडे कापून काढायचे, नाहीतर मागे चुण्यांचा ढीग होतो. आतल्या वळणावर नुसती चीर द्यायची, नाहीतर ते ताणून फाटतं. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेल पण ओलं लागणार नाही इतकं सुकू द्यायचं. एप्रिलच्या दुपारी ते किती मिनिटांत सुकतं आणि जुलैच्या संध्याकाळी किती, हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जे पॅडमध्ये नसून पॅडमागे असतं. मोटारीचं दार आतून कोरडं नसतं. पावसाचं पाणी काचेवरून ओघळत दाराच्या पोटात जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. हे मुद्दाम तसंच केलेलं असतं. म्हणून पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये मेणकागदाचा किंवा प्लॅस्टिकचा एक पडदा असतो आणि त्याची खालची कड दाराच्या आत सोडलेली असते, म्हणजे पाणी पुन्हा दारातच पडावं. काचेचं मशीन दुरुस्त करताना गॅरेजवाले हा पडदा फाडतात आणि परत लावत नाहीत. तळाची भोकं चिखलाने बुजलेली असतात. मग एका पावसाळ्यात नवंकोरं पॅड फुगतं, वाकतं, क्लिपा उचकटतात आणि मालक येऊन ओरडतो तो कुशनवाल्यावर. मामूंच्या दुकानात भांडणं व्हायची ती बहुतेक यावरूनच. पुढे पुढे ते पॅड बसवण्याआधी दाराची भोकं स्वतः तारेने साफ करत आणि पडदा स्वतः कापून लावत. त्याचे वेगळे पैसे कधी कुणी दिले नाहीत.

हे सगळं ज्याला येतं त्याला भूमिती येते, लाकूड कळतं, कापड कळतं, पाण्याची वाट कळते. याला जर ज्ञान म्हणायचं नसेल तर ज्ञान शब्दाचा अर्थ ‘इंग्रजीत लिहिलेलं’ इतकाच उरतो.

‘मूळ’ म्हणजे काय, हे ठरवतं कोण?

जुन्या गाड्यांच्या जगात सगळ्यांत मोठा शब्द ‘ओरिजिनल’. मूळ रूपातली गाडी, तिलाच मान आणि तिलाच किंमत. केंद्र सरकारने २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची वेगळी सोय केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज ठरते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, पुनर्नोंदणीची ५ हजार. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल यांसाठी आणता येते.

नियम चांगला आहे. पण मूळ रूपाची मोजदाद करताना त्यात नाव घेतलं आहे ते चासी, बॉडी आणि इंजिन यांचं. गाडीच्या आतल्या अंगाचा उल्लेख नाही. लोखंड मूळ असलं की गाडी मूळ. माणसाच्या हाताखाली येणारा भाग कसाही असो.

याच्या उलट शौकिनांचं. त्यांना आतलं अंगही मूळच हवं असतं, पण त्यांच्या लेखी मूळ म्हणजे बाहेरून आलेलं. इंग्लंड-अमेरिकेत मिनी, एमजी, मुस्टँग अशा लोकप्रिय जुन्या गाड्यांची आतली पॅनेलं तयार संचात मिळतात. तो संच मागवला की मालक अभिमानाने सांगतो, ‘सगळं ओरिजिनल आहे, परदेशातून आणलंय.’ तो संच गेल्या काही वर्षांत, नव्या हार्डबोर्डावर, नव्या व्हिनाइलने केलेला असतो. म्हणजे तीही नक्कलच. कुर्ल्यात केलेलं पॅड ‘लोकल’ आणि समुद्रापलीकडे केलेलं ‘ओरिजिनल’, या दोन शब्दांतला फरक मालाचा नसतो. तो पत्त्याचा असतो.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडायला हवं. ते म्हणतात, ‘आमच्या कारागिराला सांगा साठ सालच्या गाडीचं पॅड करायला. तो काय करेल? चकचकीत रेक्झिन, आत जाड फोम आणि वरून डायमंड शिलाई. गाडीचं लग्नाच्या सोफ्यात रूपांतर करून देईल. त्यापेक्षा तयार संच बरा.’

यात तथ्य आहे. डायमंड शिलाईने किती चांगल्या गाड्यांची वाट लागली, हे मीही पाहिलं आहे. पण ती डायमंड शिलाई मागितली कुणी? गिऱ्हाइकाने फोनवर फोटो दाखवून मागितली. जुनं पॅड टाकून द्या म्हणून सांगितलं तेही त्यानेच. ‘उद्या संध्याकाळपर्यंत पाहिजे’ हेही त्याचंच. दोन दिवसांचं काम एका दिवसाच्या पैशांत मागायचं, आणि मग कारागिराला अभिरुची नाही म्हणायचं, हा कुठला न्याय? दर्जी गिऱ्हाइकाच्या मापाने शिवतो. माप चुकीचं दिलं तर सदरा चुकणारच.

दुसरं असं, की तयार संच कारखान्याच्या मूळ मापावर बेतलेला असतो. तुमच्या गाडीचं दार आता त्या मापाचं उरलेलं नाही. संच आला तरी तो बसवायला, कड घासायला, भोक सरकवायला अखेर कुशनवाल्याकडेच यावं लागतं. आणि ज्या गाड्या आपल्याकडे बनल्या, आपल्याकडेच चालल्या, त्यांच्यासाठी साता समुद्रापलीकडे कोण संच करून ठेवणार आहे?

जिथे खरी कसोटी लागते

एक उदाहरण देतो, म्हणजे या कामात विचार किती करावा लागतो ते कळेल.

१९५०च्या दशकानंतर मोटार कारखान्यांनी पॅडवर नक्षी काढण्याची एक पद्धत सर्रास वापरली. व्हिनाइल आणि त्याखालची भरण साच्यात दाबायची आणि उच्च वारंवारतेच्या विजेने आतून तापवून जिथे रेघ हवी तिथे ती वितळवून चिकटवायची. त्यामुळे पॅडवर खोल रेघा दिसतात, पण त्यांत दोरा नसतो. जुन्या गाडीचं पॅड नीट पाहा. शिवण वाटते ती बऱ्याचदा शिवण नसते, वेल्ड असतो.

ते यंत्र आणि तो साचा कुशनवाल्याकडे नसतो. मग त्याच्यापुढे तीन वाटा. पहिली, जुनं व्हिनाइल अजून जिवंत असेल तर ते कुजक्या फळीवरून हळूहळू सोडवून, साफ करून नव्या फळीवर चढवायचं. हे सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत कमी दिखाऊ. इतकी मेहनत करून गाडी जुनीच दिसते. दुसरी, नव्या रेक्झिनवर त्याच जागी त्याच मापाची शिवण घालायची. दिसायला जवळ, पण जाणकाराला दोरा दिसतो. तिसरी, तापवलेल्या पितळी पट्टीने दाबून रेघ उमटवायची. जमली तर हुबेहूब, हात जरा रेंगाळला तर रेक्झिन जळून अख्खं पॅड वाया.

मामू गिऱ्हाइकाला दोन तुकडे करून दाखवायचे, एक शिवलेला आणि एक दाबलेला. जुनं व्हिनाइल वाचत असेल तर म्हणायचे, ‘साहेब, हे टाकू नका, एवढं जुनं परत नाही मिळणार.’ बहुतेक साहेब म्हणायचे, ‘नवं टाका हो, जुनं काय करायचंय?’

संग्रहालयात चित्राची किंवा मूर्तीची डागडुजी करणारा माणूस नेमका हाच विचार करतो. मूळ किती वाचवायचं, नवं किती घालायचं, घातलेलं नवं ओळखू यावं की लपावं. वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४च्या व्हेनिस सनदेत या प्रश्नांची चर्चा आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे १९६६मध्ये स्थापन झालेल्या ‘फिव्हा’ने, २०१२मध्ये तोच धागा पकडून ट्युरिन सनद मंजूर केली. मूळ भाग बदलून नवा घातला तर त्यावर टिकाऊ खूण करावी आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असं ती सांगते. परदेशी समितीने ठराव केला की त्याला ‘तत्त्व’ म्हणायचं, आणि कुर्ल्यातला माणूस रोज दुपारी तोच विचार करून रेक्झिन कापतो तेव्हा त्याला ‘फिनिशिंग’ म्हणायचं. माझा आक्षेप याला आहे.

कातडं हवं, कातडेवाला नको

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या भारी गाड्यांत रेक्झिन चालत नाही. तिथे कातडं लागतं, फळीऐवजी प्लायवूड लागतं आणि सीटमध्ये घोड्याचे केस भरलेले असतात. रोल्स-रॉइससारख्या गाड्यांना लंडनच्या कॉनोली बंधूंचं कातडं असायचं, हे शौकीन मोठ्या प्रेमाने सांगतात. त्या कातड्याचा वास, त्याच्यावरच्या बारीक भेगा, सगळ्यावर ते तासभर बोलू शकतात.

पण कातडं झाडाला लागत नाही. ते कुणीतरी सोलतं, कुणीतरी कमावतं, कुणीतरी वाहून नेतं. ही कामं आपल्या देशात कुणाच्या वाट्याला आली हे सर्वांना माहीत आहे: दलितांच्या आणि मुसलमानांच्या. धारावीत चामड्याचा धंदा याच हातांनी उभा राहिला. २०१५मध्ये महाराष्ट्रात गोहत्याबंदी बैल आणि वळूंपर्यंत वाढवली गेली. म्हशीचं कातडं वगळता या राज्यात या जनावरांच्या कत्तलीतून येणारा माल कायद्याने थांबला. कायदा योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. आजचा विषय एवढाच, की ज्या दिवाणखान्यात कातडी सीटच्या वासाची तारीफ होते, त्याच दिवाणखान्यात कातड्याचा धंदा करणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जातं. वस्तू आत आणि माणूस बाहेर, ही आपली जुनीच सवय आहे.

हे श्रीमंतांचे शौक, आपल्याला काय?

काही वाचक म्हणतील, ‘भाई, आपल्या वस्त्यांत पाणी नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत आणि तुम्ही मोटारींच्या गादीवर लिहिताय?’

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की नोकऱ्या नाहीत म्हणूनच लिहितो आहे. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदलं होतं, की काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत. मोटारदुरुस्ती हे आपल्या लोकांचं प्रमाण जास्त असलेल्या कामांपैकी एक म्हणून त्या अहवालात आलं आहे. म्हणजे आपलं पोट पगारावर कमी आणि हातावर जास्त. मग त्या हाताची किंमत कशी ठरते, हा आपल्या पोटाचाच प्रश्न झाला. आणि हाताची किंमत जिथे जास्तीत जास्त मिळू शकते अशा मोजक्या जागांपैकी जुन्या गाड्यांचं काम ही एक आहे. इथे गिऱ्हाइकाकडे पैसा आहे, इथे यंत्र माणसाची जागा घेऊ शकत नाही, इथे घाई नसावी अशी अपेक्षा आहे. इथेही जर कारागिराला रोजंदारीच्या भावात बसवलं जात असेल, तर बाकी ठिकाणी काय होणार?

सरकारी कागदावरही हा माणूस दिसत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, शिंपी आहे, चांभार आहे, कुलूप करणारा आहे, मासळीचं जाळं विणणारा आहे. प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे, पाच टक्के व्याजाने कर्ज आहे. मोटारीचं कुशन करणारा यादीत नाही. तो सुतार म्हणून जावा तर पूर्ण सुतार नाही, शिंपी म्हणून जावा तर पूर्ण शिंपी नाही, चांभार म्हणून जावा तर तेही नाही. तिघांचंही काम त्याला येतं, म्हणून तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. जास्त येणं ही इथे कमतरता ठरते.

आता थोडं आपल्या घरात

दुसऱ्याला बोल लावून लेख संपवणं सोपं आहे. पण आपल्या मोहल्ल्यालाही काही विचारायला हवं.

पहिली गोष्ट उस्तादांची. किती उस्तादांनी आपली मापं, आपले कागद जपून ठेवले? एका मॉडेलच्या चार दारांचे कागद एकदा नीट कापले, त्यावर गाडीचं नाव आणि साल लिहिलं, तर ती आयुष्यभराची पुंजी असते. प्रत्यक्षात ते काम झालं की पुसणं म्हणून वापरले जातात. काही उस्ताद शागिर्दापासूनही गुपित राखतात: सोल्युशन किती पातळ करायचं, कड किती घ्यायची हे पाठ करून ठेवतात, सांगत नाहीत. त्यांच्याबरोबर ते कब्रस्तानात जातं. हुनर लपवून कुणाची रोजी वाढली असेल, पण धंदा मात्र त्याने मेला.

दुसरी गोष्ट ‘छोटू’ची. हुनरचे गोडवे गाताना आपण एका गोष्टीवर पडदा टाकतो. दहा-बारा वर्षांची मुलं सोल्युशनच्या वासात दिवस काढतात आणि आपण त्याला ‘काम शिकतोय’ म्हणतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामाला ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पाप होतं. कारागिराचा मान मागणारा लेख मुलाची शाळा बुडवण्याचा परवाना होऊ शकत नाही. उलट हे काम शाळा शिकलेल्या पोराने करावं असं आहे. माप, भूमिती, साहित्य, हिशेब, गिऱ्हाइकाशी बोलणं आणि चार ओळींचं बिल लिहिणं, सगळ्याला शिक्षण लागतं.

तिसरी गोष्ट आपल्या मनातल्या उतरंडीची. बारावी नापास झालेल्या पोराला आपण म्हणतो, ‘अभ्यास नाही तर निदान हाताला काम तरी शीक.’ म्हणजे हाताचं काम ही शिक्षा. मग त्याच घरातला पोरगा कुठल्यातरी ऑफिसात तासाच्या बोलीवर फोन उचलतो तर त्याला ‘जॉब’ म्हणतो आणि लग्नाच्या बोलण्यात अभिमानाने सांगतो. ज्याचं काम चाळीस वर्षं टिकतं, त्याची आपल्याला लाज वाटते. दुसरा समाज आपल्या कारागिराला मान देत नाही अशी तक्रार करण्याआधी आपण त्याला जावई करून घ्यायला तयार आहोत का, हे विचारायला हवं.

आणि चौथी, उधारीची. मजुरी वेळेवर आणि ठरल्याप्रमाणे द्यावी, हे आपण जुम्म्याच्या खुत्ब्यात ऐकत लहानाचे मोठे झालो. मामूंच्या उधारीच्या वहीत सगळ्या जातिधर्मांची नावं होती. आपलीही होती.

वेळ का कमी आहे

हा विषय आज काढण्याचं कारण आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली आणि १९७४मध्ये तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळीपिवळी म्हणून ती सगळ्या जगाला माहीत झाली. ऑक्टोबर २००३मध्ये टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली आणि रस्त्यावरून ती टॅक्सी गेली. दुसरीकडे, पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या आता पन्नाशी ओलांडून व्हिंटेजच्या नियमात बसू लागल्या आहेत. काल ज्या गाडीत आपण सुटे पैसे मोजत बसलो, ती आता प्रदर्शनाच्या हिरवळीवर उभी राहणार.

या गाडीचं पॅड परदेशातून येणार नाही. ते इथेच करावं लागेल. त्याचा नमुना भंगारात निघालेल्या गाड्यांच्या दारांत आहे आणि त्याचं ज्ञान म्हाताऱ्या होत चाललेल्या काही हातांत. टॅक्सी तोडताना पत्रा आणि लोखंड वजनावर विकलं जातं, पॅड मात्र जाळलं जातं किंवा उकिरड्यावर जातं. नमुना आणि उस्ताद दोन्ही एकाच वेळी संपत आहेत. दहा वर्षांनी कुणीतरी मोठा संग्राहक पद्मिनी घेईल, तिला चकचकीत रंग देईल आणि आत डायमंड शिलाई करून ‘ओरिजिनल’ म्हणून उभी करेल. तेव्हा चूक दाखवायला कुणी उरलेलं नसेल.

म्हणून मागण्या साध्या आहेत.

गाडीवाल्यांनी जुनं पॅड फेकू नये. फाटकं, कुजकं, कसंही असो, ते गाडीबरोबर जपावं. नवं करण्याआधी पुढून-मागून फोटो काढावेत. कामाला लागणारे दिवस कारागिराला विचारावेत, त्याच्यावर लादू नयेत, आणि दाराच्या आतला पडदा लावण्याचेही पैसे द्यावेत.

प्रदर्शन भरवणाऱ्यांनी पाटीवर एक ओळ वाढवावी: इंजिन कुणाचं, रंग कुणाचा, आतलं काम कुणाचं. बक्षीस मालकाला द्यायचं तर द्या, पण ज्याच्या हातामुळे ते मिळालं त्याला त्या दिवशी आवारात बोलवा. आणि बोलावल्यावर त्याला मागच्या दाराने येऊ नको म्हणावं लागू नये.

सरकारने विश्वकर्मासारख्या यादीत मोटारीच्या आतल्या कामाला त्याच्या स्वतःच्या नावाने जागा द्यावी.

कारागिरांनी कागदांवर साल आणि मॉडेल लिहून ते जपावेत, सज्ञान शागिर्दाला सगळं शिकवावं, बिल लिहून द्यावं. आणि एक गोष्ट कुणाची परवानगी न घेता आजपासून करावी. पॅड दाराला लावण्याआधी फळीच्या मागच्या बाजूवर पक्क्या शाईने आपलं नाव, गावाचं नाव आणि तारीख लिहावी. नव्या भागावर खूण असावी असं जागतिक सनदही सांगते. ती खूण तुमचं नाव का असू नये? पाटी लावणारे ते लिहोत न लिहोत. पन्नास वर्षांनी कुणीतरी ती क्लिप उचकटेल, फळी उलटी करेल, आणि हे काम आपोआप झालं नव्हतं एवढं तरी त्याला कळेल.